जवळचा रेडिओ, लांबचा रेडिओ : पल्ला, वेग आणि बॅटरीचा हिशेब

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)

विषय तसा तांत्रिक आहे, पण समोर बसलेल्यांत निम्मे तरी शेती करणारे दिसतात, म्हणून शेतापासूनच सुरुवात करतो. हल्ली गावोगावी जमिनीतली ओल मोजणारे, विहिरीची पातळी सांगणारे सेन्सर विकायला येतात. विकणाऱ्याच्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक असतं आणि त्यावर तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात. पल्ला पंधरा किलोमीटर. बॅटरी दहा वर्षं. आणि दर मिनिटाला ताजी माहिती मोबाइलवर.

अशी बरीच पत्रकं मी वाचली आहेत. यातला एकेक आकडा सुटा घेतला तर तो खोटा नसतो. फक्त तिन्ही एकाच वेळी खरे नसतात. पल्ला, वेग आणि बॅटरी ही तीन खाती वेगळी नाहीत, एकाच पाकिटातून तिघांचा खर्च चालतो. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे. कारण आठ-दहा शेतकऱ्यांच्या गटाने वर्गणी काढून सामान घेतलं आणि दुसऱ्या हंगामात ते गप्प झालं, की पुन्हा त्या गावात कुणी या गोष्टीचं नाव काढत नाही.

जवळ आणि लांब हा फरक रेडिओच्या जन्मापासूनचा आहे. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोग करून दाखवला. सुमारे पंचाहत्तर फुटांवरून, मधल्या भिंती ओलांडून, बिनतारी लहरींनी त्यांनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. बोसांच्या लहरी लांबीला अगदी आखूड, मिलिमीटरमध्ये मोजाव्यात अशा. त्यानंतर सहा वर्षांनी, १२ डिसेंबर १९०१ ला, मार्कोनीने इंग्लंडमधल्या पोल्डू इथून अटलांटिक महासागरापलीकडे, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला संदेश पाठवल्याचं जाहीर केलं. अंतर साधारण ३,४०० किलोमीटर, लहरींची लांबी शेकडो मीटर. (ते त्या दिवशी खरंच ऐकू आलं का, यावर अभ्यासक अजून भांडतात. तो भाग सोडू.) पण इतक्या लांब त्याने पाठवलं काय? मोर्समधलं एक अक्षर, ‘एस’. तीन टिंबं, तीच पुन्हा पुन्हा. लांब जायचं तर थोडं बोला, सावकाश बोला आणि परत परत बोला, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आजचं लांब पल्ल्याचं तंत्र तेच करतं, फक्त फार हुशारीने.

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, दोनच गोष्टी लागतील.

पहिली गोष्ट. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. हे मोकळ्या आकाशातलं झालं. जमिनीलगत, झाडाझुडपांतून, ती आठव्या किंवा सोळाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. ब्लूटूथ आणि नेहमीचं वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, तिथे मोकळ्या एक किलोमीटरवर सुमारे १०० डेसिबलची घट होते. शंभर डेसिबल म्हणजे एक हजार कोटींतला एक भाग उरला. तुमच्या मोबाइलमधलं ब्लूटूथ साधारण एक मिलिवॉटने बोलतं आणि समोरचा ब्लूटूथ ९५ डेसिबलच्या आसपास घट झालेली असेपर्यंत ऐकू शकतो. म्हणजे मोकळ्या माळावरसुद्धा किलोमीटरच्या अलीकडेच त्याचा दम संपला. घरात दोन भिंती आल्या की दहा मीटर म्हणजे चैन.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. कुठलाही रेडिओ शांततेत ऐकत नसतो. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनिक्समध्येच एक सततची खरखर असते. तुम्ही जितका रुंद पट्टा वापराल तितकी ती जास्त आत येते. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी याचं गणित मांडलं. पट्टा किती रुंद आणि आवाज गोंगाटाच्या किती पट, यावरून जास्तीत जास्त किती वेगाने बिनचूक बोलता येईल, ते ठरतं. याचीच दुसरी बाजू जास्त कामाची आहे : वेग पुरेसा कमी केलात, तर आवाज गोंगाटाखाली बुडालेला असतानाही बोलणं पोचवता येतं.

हे आपल्याला माहीत नाही असं नाही. घाटात दरीपलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण काय करतो? ‘‘उद्या सकाळी साडेनऊच्या एसटीने येतोस का’’ असं भरभर म्हणत नाही. ‘‘ए... भा...ऊ...’’ असा सूर लांबवतो. शब्द थोडे, स्वर लांब. पलीकडच्याच्या कानाला तो सूर वाऱ्याच्या आवाजातून वेगळा काढायला वेळ मिळतो.

लोरा हे तंत्र अगदी हेच करतं. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीने ते बनवलं आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. लोराचं प्रत्येक चिन्ह म्हणजे एक मींड आहे असं समजा. सूर खालून वर सरकत जातो. कुठल्या सुरापासून मींड सुरू झाली, त्यात माहिती दडलेली असते. मींड किती लांबवायची याच्या पायऱ्या आहेत, त्यांना ७ ते १२ असे क्रमांक आहेत. सातवर एक मींड साधारण एक मिलिसेकंदात संपते, बारावर ३३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक पायरीला वेळ दुप्पट होतो. मिळतं काय? प्रत्येक मींडेत एकच बिट जास्त मावतो. हा सौदा वेगाच्या दृष्टीने तोट्याचाच आहे, पण त्या लांबवण्यामुळे बाराव्या पायरीला आवाज गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण असला तरी तो ओळखू येतो. पंचवीस मिलिवॉटने बोललं तर साधारण १५० डेसिबल घट सोसता येते. ब्लूटूथचे ९५ आणि हे १५०. हा फरक लाखो पटींचा आहे. उपग्रहांवरूनही लोराचे संदेश पकडले गेले आहेत. तेव्हा पत्रकातले पंधरा किलोमीटर ही थाप नाही.

आता मात्र पाकीट उघडू.

समजा तुमच्या सेन्सरला दहा बाइट पाठवायचे आहेत. ओल, तापमान, बॅटरीची स्थिती, एवढं त्यात आरामात बसतं. नेटवर्कचा पत्ता, सही वगैरे धरून तो संदेश सातव्या पायरीवर हवेत सुमारे ६२ मिलिसेकंद राहतो. बाराव्या पायरीवर तोच संदेश जवळजवळ दीड सेकंद, म्हणजे चोवीस पट. बोलताना रेडिओ साधारण ४० मिलिअँपिअर घेतो असं धरा आणि बॅटरी २,४०० मिलिअँपिअर-तासांची. दर पंधरा मिनिटांनी एक संदेश, बाराव्या पायरीवर : नुसत्या बोलण्याच्या खर्चात बॅटरी चार वर्षांत संपते. दर मिनिटाला पाठवाल तर शंभर दिवसांत. आणि सातव्या पायरीवर दर मिनिटाला पाठवलं तरी साडेसहा वर्षं. हा फक्त बोलण्याचा खर्च झाला. झोपेतला खर्च, उत्तर ऐकण्याचा खर्च, सेन्सरचा स्वतःचा खर्च आणि उन्हात बॅटरीचं म्हातारपण वेगळं.

म्हणजे काय ते दिसतंय ना? पंधरा किलोमीटर हा बाराव्या पायरीचा आकडा. दहा वर्षं हा सातव्या पायरीचा, तेही तासाला एखाददुसरा संदेश धरून. आणि दर मिनिटाला माहिती, हे प्रयोगशाळेत टेबलावर. तीन वेगवेगळ्या फोटोंतून नाक, डोळे आणि केस घेऊन स्थळासाठी एक फोटो तयार करावा, तसा हा प्रकार. (हशा)

इथे एक उलटी गोष्ट सांगतो, ती बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटते. लोराला ‘कमी वीज खाणारं’ तंत्र म्हणतात. पण एक बिट पोचवायला किती ऊर्जा लागते, असा हिशेब केला तर लोराची बारावी पायरी वाय-फायपेक्षा हजारो पटींनी महाग आहे. वाय-फाय बोलताना दोनशे मिलिअँपिअर किंवा जास्त ओढतं हे खरं, पण त्या क्षणात ते प्रचंड माहिती टाकून मोकळं होतं. मग वाय-फायचा सेन्सर बॅटरीवर का टिकत नाही? कारण दहा बाइट सांगण्यासाठी त्याला आधी राउटर शोधायचा, ओळख पटवायची, पत्ता घ्यायचा असतो. निरोप एका ओळीचा आणि प्रस्तावना दोन पानांची. शंभर किलोबाइटचा एक फोटो पाठवायचा असेल तर चित्र उलटतं. वाय-फायला तो एक किरकोळ क्षण आहे. एक मेगाबिटच्या ब्लूटूथला सेकंदभर लागेल. लोराच्या बाराव्या पायरीवर, मधे न थांबता पाठवला तरी पाऊण तास. पिकावरच्या किडीचा फोटो लोरावरून पाठवू असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

ब्लूटूथच्या नव्या कमी-विजेच्या प्रकाराबद्दल एवढंच सांगतो की मनगटावरचं घड्याळ, गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातला पट्टा, कोठीतलं तापमान अशा कामांना त्याला तोड नाही, कारण ऐकणारा मोबाइल आधीच खिशात असतो. झिगबीचं जरा वेगळं आहे. तोही जवळचाच, सेकंदाला २५० किलोबिट, पण तो शेजाऱ्याच्या हातून निरोप पुढे देतो. कागदावर यामुळे कितीही लांब जाता येतं. अडचण अशी की पुढे देणाऱ्याला जागं राहावं लागतं. जागं राहणं हीच रेडिओची सगळ्यात मोठी चैन. शिवाय गेटवेजवळच्या दोन-तीन गड्यांवर साऱ्या शेताच्या निरोपांचा भार येतो आणि त्यांची बॅटरी आधी बसते. ते बसले की मागचं सगळं मुकं. घरात, जिथे दिव्यांना आणि पंख्यांना वीज आहेच, तिथे झिगबी फार छान चालतो. शेतात मी तो सुचवणार नाही.

लोक विचारतात, ८६६ मेगाहर्ट्‌झ लांब जातं ते हवा त्याला कमी खाते म्हणून का? नाही. (भारतात लोरा याच आसपास चालतो. ८६५ पासूनचा हा पट्टा परवान्याविना वापरता येतो.) इतक्या अंतरावर हवा दोघांनाही फारसं काही करत नाही. कमी वारंवारतेला अँटेना मोठी लागते आणि मोठी अँटेना जास्त शक्ती गोळा करते, पागोळीखाली वाटी ठेवण्याऐवजी परात ठेवल्यासारखं. मोकळ्यात यातून साधारण नऊ डेसिबलचा फायदा मिळतो. पानांतून जाताना तो आणखी वाढतो, कारण ओल्या पानांत जास्त वारंवारता अधिक जिरते.

आणि पानांवरून उसाकडे येऊ. शेतात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रेडिओलहर दोन टोकांमध्ये दोरीसारखी सरळ जात नाही, मध्यभागी फुगलेल्या काकडीसारखी जागा तिला लागते. ८६६ मेगाहर्ट्‌झवर एक किलोमीटरच्या मध्यावर या काकडीची त्रिज्या नऊ मीटर, पाच किलोमीटरच्या मध्यावर एकवीस मीटर. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मोकळा लागतो. लागणीच्या वेळी ऊस गुडघ्याएवढा असतो, सेन्सर बांधावर रोवलेला, सगळं झकास चालतं. ऊस डोक्याच्या वर गेला की अँटेना पाण्याने भरलेल्या पानांत बुडते आणि संदेश गळायला लागतात. मग यंत्रणा काय करते? नेटवर्कला तशी सोय दिलेली असेल तर ती सेन्सरला वरच्या पायरीवर ढकलते, सातवरून नऊ, नऊवरून बारा. संदेश पुन्हा पोचतात, मालक खूश. पण आता प्रत्येक संदेश चोवीस पट महाग झालेला असतो आणि ते कुणाला दिसत नाही, बॅटरी संपेपर्यंत.

म्हणून मी नेहमी सांगतो, पैसे घालायचेच तर गेटवेच्या खांबात घाला. एक गेटवे पाण्याच्या टाकीवर किंवा टेकडीवर चढवला की शिवारातले सगळे सेन्सर एकदम खालच्या पायरीवर येतात. एका खांबाच्या उंचीने पन्नास बॅटऱ्यांचं आयुष्य वाढतं. अँटेनाची काठी मात्र पूर्ण वाढलेल्या पिकाच्या वर जाईल अशीच रोवायची, लागणीच्या दिवशीच.

गर्दीचं अजून बोललो नाही. लोराचे सेन्सर एकमेकांना विचारून बोलत नाहीत, ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा बोलतो. ही पद्धत १९७१ सालची. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांतल्या संगणकांना जोडणारं ‘अलोहा’ हे जाळं उभं केलं, तिथली. साधी, स्वस्त, पण गर्दीत कोसळणारी. अशा मार्गिकेतला जेमतेम अठरा टक्के वेळ कामी येऊ शकतो, हे गणिताने सिद्ध आहे. आपले आकडे घालून पाहू. शंभर सेन्सर, दर मिनिटाला एक संदेश, सगळे बाराव्या पायरीवर. आठ मार्गिकांचा गेटवे धरला तरी ढोबळ हिशेबाने निम्म्याच्या जवळपास संदेश एकमेकांवर आदळून वाया जातील. तेच शंभर सातव्या पायरीवर आणा, शंभरातले सत्त्याण्णव पोचतात. म्हणजे दूरवरचा एक सेन्सर हळूहळू बोलतो तेव्हा तो स्वतःची बॅटरी तर जाळतोच, शेजाऱ्याचा वेळही खातो. एसटीच्या चौकशी खिडकीवर एक गृहस्थ अर्धा तास बोलत राहावेत तसं.

मग जवळचं घ्यावं की लांबचं? मोठ्या कामांत प्रश्न असा येतच नाही. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाच्या संशोधकांनी दरड कोसळण्याची आगाऊ सूचना देणारं जाळं उभारलं. त्यात डोंगरात पुरलेले सेन्सर जवळच्या रेडिओने एकमेकांशी बोलतात, डोंगरावरून खाली माहिती वाय-फायने येते आणि तिथून उपग्रहामार्गे दूर विद्यापीठात जाते. एकाच साखळीत तीन तंत्रं, प्रत्येक आपापल्या अंतराला.

आपल्याकडे हा विषय किती जवळचा आहे ते वेगळं सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, दीडशेहून जास्त माणसं गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते तिथे पोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. अशा ठिकाणी काय पाठवायचं असतं? मातीत पाण्याचा दाब किती वाढला, उतार किती सरकला. दहा-वीस बाइट. पण ते मुसळधार पावसात पोचले पाहिजेत, आणि इथे वारंवारतेचा प्रश्न फार नाजूक होतो. घरचा डिश टीव्ही जोराच्या पावसात बंद पडतो, कारण तो दहा गिगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींवर चालतो आणि त्यांना पावसाचे थेंब अडवतात. ८६६ मेगाहर्ट्‌झला पाऊस जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा ज्या घटकेला सूचना हवी, नेमक्या त्याच घटकेला साखळीतली कुठली कडी तुटेल, हे आराखड्याच्या कागदावरच विचारायला हवं. सरासरी कामगिरी कितीही सुंदर असली तरी तिचा इथे उपयोग नाही.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : मोबाइलचं सिम टाकून चालणार नाही का? गेटवेची भानगडच नको.

चालेल, आणि टॉवर जवळ असेल तर बऱ्याचदा तेच बरं. यासाठी एनबी-आयओटी नावाचा प्रकार आहे, २०१६ साली त्याचं मानक ठरलं. जुन्या टू-जीपेक्षा तो वीस डेसिबल जास्त खोल ऐकतो, म्हणजे शंभर पट क्षीण आवाज. करतो तेच, संदेश पुन्हा पुन्हा म्हणतो. आणि इथेही टॉवर लांब असला की पुनरावृत्ती वाढते आणि बॅटरी आटते. फरक एवढाच की उंच खांब कंपनीचा आणि तो कुठे रोवायचा हे तुमच्या हातात नाही. तुमच्या शिवारात रेंज नसेल तर विषय संपला. असेल तर दर सिममागचा वर्षाचा खर्च आणि एका गेटवेचा खर्च मांडून बघा. पाच सेन्सरना सिम स्वस्त पडू शकतं, पन्नासांना बहुधा गेटवे.

प्रश्न : आमच्याकडे रात्रीची लाईट असते. मोटर चालू-बंद करायला अंधारात विहिरीवर जावं लागतं, साप-विंचू असतात, आता बिबट्याही दिसतो. लोरावर मोटर चालवता येईल का?

येईल. पण विकत घेताना एक गोष्ट विचारा. बॅटरीवरचा लोरा स्वतः बोलल्यावरच ऐकतो. बोलून झालं की एका सेकंदाने एकदा आणि दोन सेकंदांनी एकदा कान उघडतो, मग झोपतो. तो दर पंधरा मिनिटांनी बोलत असेल तर तुमचा ‘बंद कर’ हा हुकूम पंधरा मिनिटं दारात उभा राहील. मोटरच्या पेटीत कायम ऐकणारा प्रकार हवा, त्याला ‘क्लास सी’ म्हणतात. तो वीज जास्त खातो, पण तिथे वीज आहेच. लाईट गेली तर तो बंद पडेल, आणि तुमची मोटरही. (हशा)

दुसरं म्हणजे विहिरीतलं पाणी संपलं की मोटर थांबवणं, एक फेज गेला की थांबवणं, हे काम रेडिओवर सोपवू नका. तो निर्णय स्टार्टरमध्येच, जागेवर झाला पाहिजे. संदेश कधीतरी हरवणारच, आणि त्या वेळी मोटर कोरडी फिरत असेल तर गुंडाळी जळायला पंधरा मिनिटं लागत नाहीत. रेडिओवरून चालू करा, बंद झाल्याची खबर घ्या. आणि खबर आली नाही तर ‘बंद झाली असेल’ असं धरू नका, पुन्हा विचारा.